पेरायचा राहिलेला कोपरा

"काका, अजून जरा. बोटभर खाली जाऊ द्या," मॅडम म्हणाल्या.

मी रिंगेवर लाकडाची फळी आडवी धरली आणि वरून हातोडी मारली. ताटाएवढी गोल, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपातून कापलेली ती रिंग काळ्या मातीत आणखी थोडी रुतली. ज्वारीच्या दोन तासांच्या, म्हणजे पेरलेल्या ओळींच्या, मधल्या जागेत, एका ओळीत, अशा पाच रिंगा आम्ही त्या सकाळी बसवल्या. प्रत्येकीचा काठ तेवढा वर राहिला.

"आता ह्याचं काय करायचं?"

"आता काहीच नाही. आपण ठोकाठोकी केली म्हणून माती बिथरली असेल. तिला शांत होऊ द्यायचं. मग मी ह्याच्यावर घुमट ठेवणार आणि माती किती श्वास सोडते ते मोजणार."

"माती श्वास सोडते?"

"तुमच्यामाझ्यासारखाच. आत मुळं आहेत, किडे आहेत, डोळ्यांना न दिसणारे जीव तर इतके की विचारू नका. सगळे खातात, सगळे श्वास सोडतात. तो मातीतून वर येतो."

मी हातोडी खाली ठेवली. मला तेव्हाच एक गोष्ट विचारायची होती. शब्द तोंडापर्यंत आले, पण जीभ रेटली नाही. "पाणी दिल्यावर जास्त सोडत असंल," असं काहीतरी बोललो.

"बरोबर ओळखलंत," मॅडम म्हणाल्या आणि माझा प्रश्न पोटातच राहिला.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. आमचं गाव औशाच्या पलीकडं, सगळं काळं रान. त्या वर्षी आषाढात महानंदा गेली. माझी बायको. ताप डोक्यात गेला म्हणाले. आम्हाला लेकरू नव्हतं, त्यामुळं घरात बोलायला भिंती राहिल्या. मी रानात राहायला लागलो. ज्वारीची पेरणीसुद्धा केली, कारण पेरणीच्या दिवसांत बैल दावणीला बघवत नाहीत.

त्याच सुमाराला पुण्याची माणसं सपाट रान शोधत आली. सगळीकडं सारखी ज्वारी, मधे झाड नाही, घर नाही, असं रान त्यांना पाहिजे होतं. माझं त्यात बसलं. त्यांनी मधोमध तीन पुरुष उंचीचा लोखंडी खांब उभा केला, वर दोन यंत्रं बसवली, खाली एक पेटी आणि सौरपत्रा ठेवला. बाकीचे निघून गेले आणि आसावरी मॅडम तेवढ्या राहिल्या. वय तिशीच्या आतबाहेर. गावात एक खोली घेतली आणि रोज सायकलवरून रानात यायच्या.

गावानं आधी खांबाला मोबाइलचा टॉवर ठरवलं. फोन लागेना तेव्हा शेजारच्या रानातला शिवमूर्ती म्हणाला, "मन्मथ, हे ढग पळवायचं यंत्र हाय. पुण्याकडं पळवतेत. तू भाडं काय घेतलास?"

"ढग आले तर कळव, अर्धा तुला देतो," मी म्हणालो.

खरं म्हणजे मलाही खांब काय करतो हे कळत नव्हतं. मग मॅडमनी एकदा बांधावर बसून समजावलं. "वेशीत बसलेला म्हातारा असतो ना, काका? कोण गावात आलं, कोण बाहेर गेलं, सगळं त्याला माहीत. खांब तसाच आहे. वरचं एक यंत्र वाऱ्याची प्रत्येक झुळूक वर चालली की खाली हे बघतं. दुसरं यंत्र त्या झुळकेत कार्बन किती, पाण्याची वाफ किती ते बघतं. वर गेलं किती, खाली आलं किती. दिवसा तुमची ज्वारी हवेतला कार्बन ओढून घेते आणि पाणी सोडते. रात्री रान सोडत राहतं."

"आणि हे घेऊन तुम्ही काय करणार?"

त्यांनी लॅपटॉप उघडला. "ह्याच्यात तुमचं दुसरं शेत आहे."

मी वाकून बघितलं. रेघा होत्या नुसत्या.

"ऊन किती, ओल किती, पान किती वाढलं, हे सांगितलं की हे शेत गणित करून सांगतं, आज इतकं घेतलं, इतकं सोडलं. मग मी खांबाला विचारते, खरं काय झालं? दोघांचं जुळलं तर आपल्याला शेत कळलं म्हणायचं. नाही जुळलं तर गणित कुठं चुकलं ते शोधायचं. पुढं पाऊस कमी झाला, ऊन वाढलं, तर अशा रानाचं काय होईल, ते मग सांगता येईल."

"तुमच्या त्या शेतात उंदीर हायत का?"

"नाहीत."

"मग सुखी हाव तुम्ही." त्या हसल्या. मी आणखी विचारलं, "बांध? खड्डे? तो वरचा कोपरा?"

उत्तरेच्या कोपऱ्यात दोन बाजा मावतील एवढी जागा मी त्या वर्षी पेरली नव्हती. तिथं गवत माजलं होतं.

"नाही. माझं शेत सगळीकडं सारखं आहे. तो कोपरा का सोडलात तुम्ही?"

"राहिला," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मी रोज त्यांच्या मागं लागलो. काल रात्री किती सोडलं? आज धुकं होतं, मग काय? पाणी दिलं त्या पट्ट्यात वेगळं आलं का? मॅडमना वाटायचं, काकांना फार गोडी लागली. लागली होतीच. ज्या रानात जन्म गेला ते रान माझ्या पाठीमागं इतकं काय काय करत होतं, ह्याचं नवल वाटायचं. पण ह्या सगळ्या प्रश्नांच्या आडून मी एकाच प्रश्नाभोवती घिरट्या घालत होतो.

मग येळवस जवळ आली.

आमच्या भागाबाहेरच्या लोकांना येळवस सांगावी लागते. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे लहान खोपटं, करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव. भाज्या-शेंगांची घट्ट भज्जी, पिठाचे उंडे, खीर, आणि मडकं भरून अंबील. आधी पांडवांना दाखवायचं, मग अंबील सगळ्या रानात शिंपडायची, मग माणसांनी जेवायचं. पोटात दाणा धरलेल्या रानाला आपण जेवू घालतो, अशी समजूत आहे.

मॅडमनी हे ऐकलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे चुली पेटणार? सगळ्या शिवारात?"

"चुली, माणसं, बैलगाड्या, सगळं."

"धुराचा कार्बन खांबाला वेगळा कळत नाही, काका. माणसांच्या श्वासाचाही कळत नाही. बाजूच्या रानांचं मी काही करू शकत नाही, तो दिवस बाजूला टाकीन. पण तुमच्या रानात तेवढं..." त्या थांबल्या. "मागच्या वर्षी दुसऱ्या गावात रानडुकरांनी वायरी तोडल्या, हंगाम गेला. हा माझा शेवटचा हंगाम आहे. हाही गेला तर ह्या कामाचं पुढं काहीच होणार नाही. ह्या रिंगांना तर पाण्याचा थेंबही लागायला नको. एवढं सांभाळाल?"

"आमच्या रानात कोणी येणार नाही," मी म्हणालो. "शब्द दिला."

शब्द द्यायला मला जड गेलं नाही. उलट बरंच वाटलं. अंबील महानंदा करायची. पुढं ती शिंपडत जायची, मागून मी. आता कोणी विचारलं तर सांगायला कारण सापडलं होतं.

येळवशीच्या दिवशी मी बांधावर एकटा बसलो होतो. चारी बाजूंच्या रानांत कोपी, लेकरांचा कालवा, धुराच्या सरळ वर गेलेल्या रेघा. शिवमूर्तीनं दोनदा हाक मारली, "ये की जेवाय! का पुण्याचं यंत्र रागवतंय?" मी हात हलवून नको म्हणालो. मॅडम शिडीवर चढून यंत्राची काच पुसत होत्या.

तेवढ्यात गाडीवाटेनं दोन माणसं येताना दिसली. पुढं गौरामामी, डोक्यावर दुरडी. मागं तिचा मुलगा शिवहार, हातात अंबिलीनं भरलेली बिंदगी. मामी म्हणजे माझ्या सख्ख्या मामाची बायको आणि महानंदाची आई. आषाढात लेकीचे दिवस करून गावाला परत गेली, ती नंतर आली नव्हती.

दुरडी बांधावर टेकवून तिनं आधी सगळं रान नजरेखालून घातलं.

"कोप कुठाय?"

"केली न्हाई, मामी."

"कामून?"

"मॅडमला शब्द दिलाय. हे मोजायचं काम चालू हाय. आन् यंदा... घरात असं झाल्यावर..."

"घरात झालं ते माणसाला. रानाला कसलं सुतक?" मामी म्हणाली. "पोटुशी बाई उपाशी ठेवतेत का? घरची कर्ती गेली मनून?"

"मामी, ऐकून घे."

"ऐकलं की. तू बस हितं. तुझा शब्द तुझ्यापाशी. मी न्हाई दिला कुणाला."

आणि ती दुरडी उचलून सरळ ज्वारीत शिरली. मी मागं धावलो. मागून शिवहार, "दाजी, तुमी मधी पडू नका, ती मलाबी ऐकत न्हाई," म्हणत. ज्वारी छातीपर्यंत आली होती. मामीचं डोकं तेवढं पुढं दिसत होतं. मग ते दिसेनासं झालं. जाऊन बघतो तर ती खाली बसली होती, रिंगांच्या ओळीसमोर. आणि आल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला होता.

"मांडलास की रे पांडव," ती म्हणाली. "मग सांगाय काय झालतं? उगं बोलले मी तुला."

पाच होत्या. पांढऱ्या होत्या. ओळीत होत्या. मी "मामी, थांब" म्हणायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. तिनं शिवहारच्या बिंदगीतून पहिल्या रिंगेत पळीभर अंबील ओतली, वर भज्जी आणि उंडा ठेवला, हात जोडले आणि दुसरीकडं सरकली. तिचे ओठ हलत होते. कुणाचं नाव घेत होती ते मला कळलं. मी तिचा हात धरू शकलो नाही.

"आजी! अहो आजी, ते नको! काका, थांबवा ना त्यांना!"

मॅडम शिडीवरून उतरून धावत आल्या. त्या पोचल्या तेव्हा पाचव्या रिंगेत खीर पडत होती. मॅडम तिथंच ढेकळावर बसल्या. डोळे भरून आले होते. "काका, तुम्ही शब्द दिला होता," एवढंच म्हणाल्या.

मामीनं माझ्याकडं बघितलं, शिवहारकडं बघितलं, रिंगांकडं बघितलं. "पांडव न्हाईत व्हय हे?"

"न्हाईत, मामी. मोजायच्या रिंगा हायत."

मामीनं पळी बिंदगीत ठेवली. मग दुरडीतून पत्रावळ काढली, वाढली आणि मॅडमपुढं ठेवली. "चुकले मी. पण वाढलेलं परत घेता येत न्हाई. जेव पोरी. रडायचं ते जेवून रड, उपाशी पोटी रडू ने."

मॅडमना नाही म्हणता आलं नाही. दोन घास गेले, वाटीतली अंबील गेली. मग त्यांचा हात थांबला.

"आजी, ह्यात काय काय असतं?"

"ताक, ज्वारीचं पीठ, लसूण, मीठ. रातभर आंबवायचं."

"आंबवायचं," मॅडम म्हणाल्या. वळून रिंगांकडं बघितलं. हात तसेच ओढणीला पुसले. "काका, घुमट आणा."

घुमट म्हणजे पारदर्शक टोपणच, नळ्या लावलेलं. रिंगेच्या काठावर बसवायचं आणि आतली हवा यंत्रात जाऊ द्यायची. मॅडमनी आम्हाला चार पावलं मागं सरकवलं, कारण जवळच्या माणसाचा श्वाससुद्धा आकडा बिघडवतो. पडद्यावरची रेघ उभी चढली. रोज ती सावकाश चालायची, म्हाताऱ्या बैलासारखी.

"बापरे," मॅडम म्हणाल्या. "पण हे अंबिलीचं स्वतःचंही असेल. आजचं धरायचं नाही. उद्या बघू."

"काय झालं? बाधलं का रानाला?" मामीनं विचारलं.

"नाही आजी. मातीतले जीव आता हे खाणार. खाल्लं की श्वास जास्त सोडणार. किती आणि किती दिवस, ते मला माहीत नाही. माझ्या गणितात येळवस नाहीच."

मामी त्या दिवशी गावाला परत गेली नाही. शिवहारला एकट्याला धाडलं. "उद्या कळतंय म्हणली ना ती. मी राहते."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर आम्ही तिघं रानात गेलो. रिंगांमधली अंबील मुरली होती, वर मुंग्यांची रांग लागली होती. मॅडमनी एकेक रिंग मोजली. मामी दूर उभी राहून एकच विचारत होती, "खाल्लं का?"

पाचवी झाल्यावर मॅडमनी मान वर केली. हंगाम वाया गेल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर कुठं दिसत नव्हतं. "खाल्लं, आजी. अजून खातंय. चौपट सोडतेय माती."

मी आतापर्यंत कितीतरी येळवशी बघितल्या होत्या. रानानं खाल्लं असं आम्ही म्हणत आलो, पण रानाला कोणी विचारून आलं नव्हतं.

मामी पदर तोंडाला लावून उभी राहिली. मग तिनं उत्तरेकडं बोट केलं. "पोरी, तुझं ते झाकण तिथं लाव."

"तिथं रिंग नाही, आजी."

"मग बसव."

"तिथं ज्वारीच नाही. तिथलं मोजून मला..." मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "काका, काय आहे तिथं?"

"महानंदा," मी म्हणालो.

त्यांना कळलं नाही. "आमच्या लिंगायतांत जाळत न्हाईत," मी सांगितलं. "मातीत बसवतेत, आपल्याच रानात." बोलायला लागलो तसं पुढचंही आपोआप निघालं. "रिंगा बसवल्या त्या दिवशी तुम्ही म्हणालात, माती श्वास सोडते. तवापासून मला विचारायचं होतं. तिथली सोडते का. बाकीच्या रानासारखीच, का बंद पडली. धीर झाला न्हाई."

मॅडम खांबाकडं गेल्या. मग पेटीतून उरलेली रिंग काढली. मी हातोडी उचलली.

"हातोडी नको," मामी म्हणाली.

"नकोच," मॅडम म्हणाल्या.

कोपऱ्यात गेलो. माती अजून भुसभुशीत होती. मॅडमनी चप्पल काढली, रिंग गवतावरून ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबत दाबत बसवली. बाहेरून ओली माती लिंपली, फट राहू नये म्हणून. खरं तर एक दिवस थांबावं लागतं, त्या म्हणाल्या, पण आजचं आज बघू. घुमट ठेवला. मामी हटेना, तशी त्या म्हणाल्या, "मग श्वास रोखा आजी. काका, तुम्हीपण."

आम्ही रोखला. मामी आणि मी, दोघं गुडघ्यांवर, तोंड बंद करून. आषाढानंतर आम्ही दोघं इतकं जवळ बसलो नव्हतो. मी रेघेकडं बघत होतो. रेघ आधी थोडी चढली, थबकली आणि मग हळूहळू खाली उतरायला लागली.

मामीनं हूंऽऽ करून श्वास सोडला. "खाली कामून गेली? बंद पडलं का?"

"उलट आहे, आजी. घेतंय. ऊन आहे ना, वरचं गवत आतल्या हवेतला कार्बन ओढून घेतंय."

"आन् माती?"

मॅडमनी घुमटावर काळं कापड टाकलं. अंधार झाला की गवत घ्यायचं थांबतं. रेघ वळली आणि चढायला लागली. चढत राहिली.

"सोडतेय," मॅडम म्हणाल्या. "चांगली सोडतेय, काका. तुमच्या बाकीच्या रानापेक्षा जास्त."

शिवमूर्तीच्या रानात कोणीतरी कोप मोडत होतं, कडब्याची सळसळ ऐकू येत होती.

"म्हंजे जिवंत हाय," मामी म्हणाली.

मॅडमनी कापडाची कड सारखी केली. "माती जिवंत आहे, आजी. त्याच्या पुढचं मला मोजता येत नाही."

"त्याच्या पुढचं कोण विचारलंय तुला?" मामी म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "हितं पड कामून ठेवलास?"

"पाय ठेववत न्हाई, मामी."

"गवत आलं ते तुला विचारून आलं का? घेतंय, सोडतंय, सगळं करलालंय बिचारं. आन् तू एकटा बांधावर बसलास." ती हाताला रेटा देऊन उठली आणि अनवाणी पायांनी त्या गवतात उभी राहिली. "पुढच्या साली पेर. माझ्या लेकीच्या अंगावर तण नको."

मॅडम हंगाम संपेपर्यंत राहिल्या. अंबिलीच्या त्या रिंगा त्या रोज मोजत. सगळीकडं सारखं धरलेलं त्यांचं लॅपटॉपमधलं शेत जुळेना, तेव्हा त्यांनी ते मोडून पहिल्यापासून मांडायला घेतलं. कंटाळलेल्या मात्र दिसल्या नाहीत. मग खांब उतरवून गेल्या.

पुढच्या वर्षी मी कोपरा पेरला. तिफण तिथं आली तेव्हा बैल थांबले नाहीत, मीच थोडा थांबलो. तिथली ज्वारी जोरात आली, मुठीएवढी कणसं. शिवमूर्ती म्हणाला, तेवढी बियाण्याला वेगळी काढ. देवाला वेगळी काढ असंही कोणी म्हणालं. मळणी झाली तेव्हा मी सगळ्याची एकच रास केली.

चैत्रात मामी आली. मी भाकरी करायला शिकलो होतो, म्हणजे थापायला येत होती, गोल होत नव्हती. तिच्या ताटात एक टाकली. तिनं चतकोर मोडला, तोंडाजवळ नेला आणि हात थांबला.

"त्या कोपऱ्याची हाय का?"

"कोणास ठाऊक," मी म्हणालो. "समदं एकातच मिसळलंय."

तिनं घास तोंडात घातला. सावकाश चावला.

"कडा कच्च्या ऱ्हायल्यात," ती म्हणाली. आणि अख्खी भाकरी संपवून ताट माझ्याकडं सरकवलं. "आनखी एक टाक."